ट्रक अडवला, पुढे काय?

गुन्हेगारीच्या मालिका घरात लावू नयेत, असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही. मी त्या बघतो, आणि आवडीने बघतो. आमच्या घरात पत्नी मराठी शाळेत शिकलेली, सून कानडी शाळेत, नातू इंग्रजी शाळेत. जेवणे उरकल्यावर या तिघांना एकाच वेळी एका जागी धरून ठेवील अशी करमणूक खुनाच्या तपासाखेरीज दुसरी मला अजून सापडलेली नाही. तेव्हा माझे भांडण करमणुकीशी नाही. ते आहे या मालिका जे शिकवतात त्याच्याशी, आणि त्यातले जे सोयीचे तेवढेच शिकून घेणाऱ्या आपल्याशी.

‘दिल्ली क्राईम’ या मालिकेचे तिसरे पर्व नोव्हेंबर २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आले. विषय होता माणसांच्या खरेदी-विक्रीचा. याच मालिकेला २०२० साली आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला होता. म्हणजे रोजचा रतीब घालणाऱ्यांपैकी ही मालिका नव्हे. शेफाली शाह यांची वर्तिका चतुर्वेदी ही पोलीस अधिकारी कुणालाही आदर वाटावा अशी आहे. म्हणूनच मी हिच्याविषयी लिहितो आहे. वाईट मालिकेचे दोष काढण्यात काय पुरुषार्थ? चांगल्या मालिकेत जो दोष राहतो तो जास्त खोलवर रुजतो.

पहिल्या भागात वर्तिकेची बदली आसामात सिलचरला झालेली आहे. हत्यारे नेली जात असल्याची खबर लागते, पोलीस एक ट्रक अडवतात. आत हत्यारे नसतात. आत मुली असतात. प्रसंग परिणामकारक आहे. माझी पत्नी तो बघताना पदर तोंडाशी धरून बसली होती. पण दुसऱ्या दिवशी आमच्या कट्ट्यावर त्या भागावर जी चर्चा झाली, ती ऐकून मी अस्वस्थ झालो. ‘हायवेवर नाके वाढवायला पाहिजेत’, ‘परप्रांतीय ट्रकांची झडती घेतली पाहिजे’, ‘पोरींना एकटे सोडायचे दिवस राहिले नाहीत’. सगळ्यांचे एकमत. एका ट्रकने आम्हा आठ शहाण्यासुरत्या माणसांना असे शिकवले की हा धंदा रात्रीच्या रस्त्यावर चालतो, तो करणारा परका असतो, आणि पोलिसाची बॅटरी आत पडली की तो संपतो.

या तिन्ही गोष्टी आपल्या भागापुरत्या तरी खोट्या आहेत, आणि हे आपल्याला ठाऊक आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ आणि त्याआधी २०१३ साली सुधारलेले भारतीय दंडविधानाचे कलम ३७० ही दोन्ही या गुन्ह्याची व्याख्या एकसारखीच करतात. त्या व्याख्येत पाच क्रिया आहेत. शोषणासाठी माणूस मिळवणे, नेणे, ठेवून घेणे, दुसऱ्याच्या हवाली करणे आणि स्वीकारणे. ट्रक हा या पाचांतल्या फक्त ‘नेणे’ या क्रियेचा साक्षीदार. बाकीच्या चार क्रिया घडतात त्या घरात, ओसरीवर, लग्नाच्या मांडवात आणि शहरातल्या भाड्याच्या खोलीत. हा गुन्हा कोणकोणत्या मार्गांनी होतो, तेही व्याख्येत दिले आहे. धाक, जबरदस्ती, पळवून नेणे, फसवणूक, सत्तेचा गैरवापर आणि आमिष. आमिषाच्या पोटात कायद्याने एक गोष्ट मुद्दाम घातली आहे. त्या व्यक्तीवर ज्याचा ताबा आहे त्याला पैसे देऊन त्याची संमती मिळवणे. आईबाप, काका, आत्या यांच्या हातावर टेकवलेल्या पैशांसाठी ही तरतूद आहे. कायदा लिहिणाऱ्यांना घर दिसले. पहिल्या भागाच्या कॅमेऱ्याला ट्रक दिसला.

कुणी म्हणेल, पोलिसांची मालिका आहे, पोलीसच दाखवणार. ठीक आहे. पण ज्या खऱ्या घटनेवर हे पर्व बेतले आहे तिच्यात काय होते? जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या ट्रॉमा सेंटरमध्ये दोन वर्षांची एक मुलगी अतिशय जखमी अवस्थेत आणली गेली. वर्तमानपत्रांनी तिला ‘बेबी फलक’ म्हटले. आणणारी स्वतःच पंधराएक वर्षांची पोर, आणि तिचेही शोषण झालेले. १५ मार्च २०१२ रोजी फलक गेली. तपासात उलगडले ते असे की, फलकच्या आईला पुन्हा लग्न लावून देण्याचे आमिष दाखवून राजस्थानात पैसे घेऊन एका माणसाच्या गळ्यात बांधले होते. लेकरे मागे राहिली आणि या हातातून त्या हातात जात राहिली. त्या साखळीच्या पहिल्या कडीला ना ट्रक होता ना अंधार. तिथे लग्न होते. मालिका पुढच्या भागांत या बाजूलाही वळते, हे मान्य. पण कट्ट्यावर चर्चा होते ती पहिल्या भागाची, आणि मनात घर करतो तो ट्रक.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडची मुलगी ट्रकमधून जात नाही. ती एस.टी.ने जाते, खिडकीशी बसून, सोबतच्या मावशीने घेऊन दिलेला गजरा माळून. क्वचित अर्ध्या तिकिटावरही जाते. बेळगाव, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांतल्या खेड्यांतून सांगली-मिरज, कोल्हापूर, पुण्याची बुधवार पेठ, मुंबईची कामाठीपुरा आणि एके काळी गोव्यातले बायणा, ही वाट जुनी आहे. नेणारी बाई बहुधा त्याच गावची, आधी स्वतः त्या वाटेने गेलेली, अंगावर चार दागिने घालून जत्रेला परतलेली असते. घरी ‘उचल’ दिली जाते. ऊसतोडीच्या टोळीला देतात तीच ही उचल, शब्दही तोच. नाक्यावरच्या पोलिसाने त्या एस.टी.त डोकावून पाहिले तरी त्याला काय दिसणार? मावशी आणि भाची.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने जे चालत आले ते तर आपण सगळे पाहतच मोठे झालो. मार्गशीर्षातली रांडाव पुनव, माघातली अहेव पुनव, डोक्यावर जग घेऊन निघालेल्या जोगतिणी आपल्या दारावरून गेलेल्या आहेत, आणि आपल्या आयांनी त्यांच्या परडीत पीठमीठ घातलेले आहे. देवीवर माझा राग नाही. पोरीच्या केसात जट झाली की ‘आईचे बोलावणे आले’ म्हणणाऱ्या शहाण्यांवर आहे. आणि मुत्तू बांधलेल्या पोरीला सांभाळायला पुढे येणाऱ्या, गावात पत असलेल्या पुरुषांवर तर त्याहून जास्त आहे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९२० सालीच या प्रथेविरुद्ध कायदा केला. मुंबई इलाख्याने १९३४ साली केला, तेव्हा आपला जिल्हा त्याच इलाख्यात होता. कर्नाटकाने १९८२ साली केला, महाराष्ट्राने २००५ साली. पंच्याऐंशी वर्षांत चार कायदे! एकच गोष्ट चारदा बंद करावी लागते, याचा अर्थ ती करणारे बाहेरून येत नव्हते. बाहेरच्याला अडवायला एक नाका पुरतो. घरच्याला अडवायला घरात बोलावे लागते, आणि तेच कुणी करत नाही.

मालिका परक्याकडे बोट दाखवते आणि आपण हायसे वाटून घेतो, ही माझी पहिली तक्रार. दुसरी तक्रार आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या माणसानेच करायला हवी, कारण ती दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार नाही. ती आहे भाषेची.

मालिकेत अधिकारी विचारतो आणि मुलगी सांगते; मधे भाषा आडवी आलीच तर पडद्याच्या तळाशी उपशीर्षक उमटते. आपल्या ठाण्यांत उपशीर्षके उमटत नाहीत. पंधराएक वर्षांपूर्वी मी काही कागद हरवल्याची तक्रार द्यायला सीमेपलीकडच्या एका ठाण्यात गेलो होतो. कोपऱ्यात एक मुलगी बसलेली. अदल्या रात्रीच्या छाप्यात आणलेली. हवालदार त्रासून गेले होते. मला म्हणाले, “मास्तर, तुम्ही बेळगावकडचे न्हवं? ही काय म्हणतीया जरा बघा की.” मुलगी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “अत्ती करकोंड होदळु.” कुणी तरी आधीच कागदावर लिहून टाकले होते की सासूने नेले.

वाचकहो, तुम्हाला हे समजावून सांगायला नको. कानडीत अत्ती म्हणजे सासूही आणि आत्याही. मामीलासुद्धा अत्तीच म्हणतात. मराठीत मात्र या तीन वेगळ्या बायका आहेत. सासूने नेले असे लिहिले की मुलगी विवाहित ठरते, प्रकरण सासुरवासाचे होते, आणि वय विचारण्याची निकड कुणाला वाटत नाही. आत्याने नेले असे लिहिले की बापाच्या सख्ख्या बहिणीने पोर विकली, हा गुन्हा उभा राहतो. मी तिला कानडीत विचारले, “कुणाची कोण?” ती म्हणाली, “अप्पाची बहीण.” मी ते हवालदारांना सांगितले. ते म्हणाले, “एकच की हो.” एकच नाही, हे मला तीन वेळा सांगावे लागले, तेव्हा कुठे त्यांनी ती ओळ खोडली. मी तिथे होतो तो निव्वळ योगायोगाने. ज्या दिवशी असा कुणी मास्तर कागद हरवून तिथे जात नाही, त्या दिवशी ती ओळ तशीच राहते, पुढे तिचे आरोपपत्र होते, वर्षा-दोन वर्षांनी ती न्यायालयात वाचली जाते, आणि विरुद्ध बाजूचा वकील विचारतो, “तेव्हा सासू म्हणालीस, आता आत्या म्हणतेस. खरे कोणते?” मुलगी खोटी ठरते.

न्यायालयात साक्षीदाराची साक्ष त्याच्या भाषेत टिपून घ्यावी, असे फौजदारी प्रक्रियेचा कायदा सांगतो. पण ‘व्यवहार्य असेल तर’ ही पाचर त्याला मारलेली आहे; नसेल तर भाषांतर चालते. त्या एका पाचरीत किती मुलींची साक्ष अडकून पडली असेल, याची कल्पना शहरात बसून पटकथा लिहिणाऱ्याला येणार नाही. आपल्याला यायला हवी. आपण १९५६ पासून काय मागत आलो? उतारा आमच्या भाषेत द्या, अर्ज आमच्या भाषेत घ्या, पाटी आम्हाला वाचता येईल अशी लावा. आपले म्हणणे आपल्या भाषेत ऐकले जावे यासाठी आपल्या वडिलांनी लाठ्या खाल्ल्या. मग सीमेच्या पलीकडच्या मराठी ठाण्यात एखादी कानडी पोर आपले सांगणे कुणाला कळेना म्हणून रडते, तेव्हा तिच्या बाजूने सगळ्यांत आधी आपण बोलायला हवे. भाषेचा हक्क फक्त आपल्यापुरता मागितला तर तो हक्क राहत नाही, ती अहंता होते. हे वाक्य काही मित्रांना बोचेल. बोचू द्या.

तिसरी तक्रार शेवटाबद्दल. अशा भागांचा शेवट ठरलेला असतो. मुली बाहेर येतात, अंगावर शाली पडतात, अधिकाऱ्याचे डोळे पाणावतात. ‘क्राईम पेट्रोल’सारख्या कार्यक्रमांत निवेदक चार शब्द उपदेशाचे सांगतो. मग जाहिरात. पण त्या मुलीच्या जन्माची खरी परीक्षा जाहिरातीच्या वेळात सुरू होते. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार, ज्याला वर्तमानपत्रे ‘पिटा’ म्हणतात, सोडवलेल्या मुलीची चौकशी होईतो दंडाधिकारी तिला तीन आठवड्यांपर्यंत ताब्यात ठेवू शकतात आणि पुढे एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात पाठवू शकतात. सुटका झाली ती कडीकुलपातच. गृह चांगले असले तर शिवण शिकते. नसले तर भिंत चढून पळते, आणि पळाल्यावर जाणार कुठे? ज्या खोलीतून आणली त्याच खोलीत.

१९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत पोलिसांनी मोठे छापे घालून चारशेहून अधिक मुली आणि बायका सोडवल्या. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास नेपाळच्या होत्या. मालिका असती तर इथे संपली असती. प्रत्यक्षात त्या नेपाळी मुली महिनोन्‌महिने महाराष्ट्रातल्या गृहांत अडकून पडल्या, कारण त्यांचे सरकार त्यांना परत घ्यायला लगेच राजी होईना. अखेर तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला आणि त्या वर्षीच्या जुलैत शंभरावर मुली मायदेशी गेल्या. त्यांतल्या काही जणींनी मिळून ‘शक्ती समूह’ ही संघटना उभी केली. त्यांतल्या चारीमाया तामांग यांनी आपल्याला विकणाऱ्यांविरुद्ध स्वतः फिर्याद दिली. या संघटनेला २०१३ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. विकल्या गेलेल्या बायकांनीच पुढे इतरांना सोडवण्याचे काम हाती घेतले! याहून मोठे नाट्य कुठल्या पटकथाकाराला हवे आहे? पण त्यात ट्रक नाही, गोळीबार नाही. त्यात शिक्के, अर्ज, नागरिकत्वाचे कागद आणि घरच्यांनी लावून घेतलेली दारे आहेत. म्हणून ते पडद्यावर येत नाही.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. जून २००४ मध्ये वास्कोजवळच्या बायण्याची वस्ती बुलडोझर लावून पाडली. तिथल्या कित्येक बायका आपल्याच बाजूच्या, उत्तर कर्नाटकातल्या होत्या. छायाचित्रे छापून आली आणि कलंक पुसला म्हणून समाधानाचे सुस्कारे निघाले. पण खोली पाडली म्हणून तिच्यातल्या बाईचे कर्ज फिटत नाही. वस्ती गेली, धंदा विखुरला, आणि ज्यांच्यापर्यंत एखादी परिचारिका किंवा कार्यकर्ती पोहोचू शकत होती त्या बायका नजरेआड झाल्या.

इथे एक आक्षेप मी ऐकतो, आणि तो प्रामाणिक आहे. या धंद्यातल्या सगळ्याच बायका काही विकल्या गेलेल्या नसतात. सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीने तिथे असेल तर तिला ओढून ‘सोडवणारे’ तुम्ही कोण? सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतल्या बायका हे अनेक वर्षे सांगत आल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही १९ मे २०२२ च्या आदेशात बजावले की सज्ञान बाई स्वेच्छेने हे काम करीत असेल तर पोलिसांनी तिला त्रास देऊ नये, आणि छाप्याच्या किंवा सुटकेच्या वेळी कुणाचीही ओळख प्रसारमाध्यमांनी उघड करू नये. मला हा आक्षेप मान्य आहे आणि तो माझ्याच बाजूचा आहे. विकली गेलेली कोण आणि मर्जीने राहिलेली कोण, हे ठरवायचे कसे? तिला विचारून. तिला कळेल अशा भाषेत विचारून, आणि ती जे सांगेल ते बदल न करता लिहून. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत तर मर्जीचा प्रश्नच उद्भवत नाही. पण तिचे वय तरी खरे लिहिले गेले पाहिजे, आणि तेही सांगणार ती किंवा तिच्या गावचा शाळेचा दाखला. तोही बहुधा कानडीतच असणार.

मालिका पाहून जागृती होते असे जे म्हणतात, त्यांना माझे एवढेच विचारणे आहे की जागृती कशाची? परक्याची भीती ही जागृती नव्हे. त्या भीतीने आपण आपल्या मुलींचे बाहेर जाणे बंद करतो, त्यांची शाळा सोडवतो, लवकर लग्न उरकतो; आणि लवकर उरकलेल्या लग्नाच्या वाटेनेच दलाल येतो. म्हणजे मालिकेने घातलेल्या भीतीचा फायदा शेवटी त्यालाच होतो.

मग करायचे काय? मोठे काही नाही, आणि म्हणूनच कठीण. गावात दूरच्या मुलखातले स्थळ आले, हुंडा नको, लग्नाचा खर्चही आम्हीच करू असे म्हणाले, की मुलाचे गाव पाहून यायला दोन माणसे पाठवावीत आणि लग्नाची नोंदणी झाल्याशिवाय पोर गाडीत बसवू नये. गावाकडे कामाला माणसे मिळवायला आलेल्या मावशीला पत्ता आणि मालकाचे नाव विचारण्यात कसली भीड? सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ठाण्यांत मराठी-कानडी जाणणाऱ्यांची यादी भिंतीवर लागलेली असावी, आणि त्या यादीत आपल्यातल्या निवृत्त शिक्षकांनी, बँकेतल्या बायकांनी, वकिलांनी आपली नावे द्यावीत. आपल्याकडे दुभाषी माणसांचा तुटवडा नाही. घरटी दोन आहेत. आणि परत आलेल्या मुलीला हळदीकुंकवाला बोलवावे. हे शेवटचे सगळ्यांत अवघड, कारण त्याला कायदा लागत नाही.

कट्ट्यावर मी हे सारे बोललो तेव्हा एक मित्र म्हणाला, “मास्तर, तुम्ही सिरियलची मजा घालवता.” घालवीत असेन. पण एखादी मालिका अशी निघावी, जिच्या पहिल्याच भागात मुली सोडवल्या जातात आणि उरलेल्या सगळ्या भागांत एकच तपास चालतो की त्या मुलीला कुणी विकले, किती पैशांना, कुणाच्या ओसरीवर बसून. आणि ती परत आली तेव्हा दार कुणी उघडले नाही. तशी मालिका आली तर मी आमच्या घरातल्या तिन्ही भाषांच्या माणसांना घेऊन समोर बसेन. फक्त आपल्या गल्लीतल्या किती घरांत ती लागेल, याची मला शंका आहे. तिच्यातला गुन्हेगार शोधायला वर्तिका चतुर्वेदीला सिलचरपर्यंत जावे लागणार नाही.